अंतर, प्रवासकाल आणि नंदुरबार जिल्हा : सुरत–आग्रा मार्ग ते मुंबई–दिल्ली हवाईमार्ग – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर किती आणि तेथे पोहोचण्यास वेळ किती लागतो, हा आजच्या काळातील अत्यंत सामान्य प्रश्न होय. त्याचे उत्तरही दोन आकड्यांत मिळते. मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे १,१४० कि.मी. असून वेळापत्रकाप्रमाणे ह्या प्रवासास साधारण सव्वादोन तास लागतात. हे दोन्ही आकडे खरे असले तरी ते केवळ दोन टोकांविषयी बोलतात. त्या दोन टोकांच्या मध्ये जो प्रदेश पसरलेला असतो, तेथील माणसाला ह्या अंतराचा व ह्या वेळेचा कितपत उपयोग होतो, हे त्या आकड्यांवरून समजत नाही.

मुंबई व दिल्ली ह्या विमानतळांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा पृथ्वीगोलावर आखली, तर ती नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम भागावरून जाते. प्रत्यक्ष विमाने हवाई वाहतूक नियंत्रणाने ठरवून दिलेल्या मार्गांनी जात असल्यामुळे ती ह्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे असतात. तथापि ताशी ८०० कि.मी. वेगाने जाणाऱ्या विमानाला जिल्ह्याचा हा पट्टा मागे टाकण्यास काही मिनिटे पुरतात, हे गणित बदलत नाही. ज्या जिल्ह्यावरून देशातील अत्यंत वर्दळीचा हवाईमार्ग जातो, त्या जिल्ह्यात मात्र नियमित प्रवासी विमानसेवा असलेला एकही विमानतळ नाही.

ही परिस्थिती इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. कारण सतराव्या शतकात सुरत बंदरातून मुघल राजधानीकडे जाणारा मार्ग ह्याच भूमीवरून जात होता. आणि त्या वेळी नंदुरबार हे त्या मार्गावरील मुक्कामाचे ठिकाण होते. वाहनाचा वेग वाढत गेला तसतसा मधला मुक्काम गळत गेला. ह्या प्रक्रियेचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. हवाई अंतर व प्रवासकाल ह्या संकल्पनांमधील फरक स्पष्ट करणे.
२. सतराव्या शतकापासून आजपर्यंत नंदुरबार परिसरातील दळणवळणाच्या साधनांत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
३. वेगवान साधनांमुळे मार्गावरील मधल्या प्रदेशाच्या स्थानावर झालेला परिणाम तपासणे.
४. जिल्ह्यातील दुर्गम भागाच्या दृष्टीने प्रवासकालाचा अर्थ शोधणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. परकीय प्रवाशांची वर्णने, रेल्वे व विमान वाहतुकीचा इतिहास आणि जनगणनेची माहिती ह्यांचा आधार घेतला आहे. सरळ रेषेतील अंतरे ही त्या त्या ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेली असून ती पूर्णांकाच्या जवळ आणून दिली आहेत.

हवाई अंतर व प्रवासकाल : संकल्पना

पृथ्वी गोलाकार असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर हे बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजले जाते. ह्यालाच व्यवहारात हवाई अंतर असे म्हणतात. विमान वाहतुकीत हे अंतर सागरी मैलांत मोजण्याची प्रथा असून एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर होय. डोंगर, नदी, राज्याची हद्द ह्यांपैकी कशाचाही ह्या अंतराशी संबंध नसतो. ते स्थिर असते. नंदुरबार शहर ते मुंबई विमानतळ हे सरळ अंतर सुमारे २९० कि.मी. आहे, ते शिवकाळात तेवढेच होते आणि पुढेही तेवढेच राहणार आहे.

प्रवासकाल मात्र स्थिर नसतो. विमानाच्या बाबतीत वेळापत्रकात दिलेली वेळ ही विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून गंतव्य विमानतळावर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, आकाशात घिरट्या घालणे हे सर्व धरलेले असते. म्हणूनच मुंबई–दिल्ली प्रवासात विमान प्रत्यक्ष हवेत असते त्याहून वेळापत्रकातील वेळ अधिक दिसते. वाऱ्याची दिशा हेही एक कारण आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरील वेगवान वारे पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ढकलतात आणि परतीच्या विमानाला अडवितात. अंतर एकच असूनही जाण्याची व येण्याची वेळ वेगळी होते.

ह्यावर राजकारणाचाही परिणाम होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांसाठी बंद केले तेव्हा दिल्लीहून युरोप व अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्राकडून वळसा घालावा लागला. दोन विमानतळांमधील अंतर एका मीटरनेही वाढले नव्हते, परंतु प्रवास लांबला, इंधन अधिक लागले. तात्पर्य, अंतर ही भूगोलाची बाब असली तरी प्रवासकाल ही इतिहासाची बाब आहे. साधने, सत्ता, ऋतू आणि पैसा ह्यांनी तो घडविला जातो.

कोस आणि मजल : सुरत–बऱ्हाणपूर मार्गावरील नंदुरबार

चौदाव्या शतकात, इ.स. १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना नंदुरबारला आला होता. येथे मराठे राहतात, ते कारागिरीत निपुण आहेत आणि त्यांच्यात वैद्य व ज्योतिषी आहेत, अशी नोंद त्याने केली आहे. दूरदेशीच्या प्रवाशाला येथील लोकांचे गुण टिपता आले, ह्याचे एक कारण त्याच्या प्रवासाची गती हे होय. मुक्काम करणाऱ्यालाच गाव दिसते.

सतराव्या शतकात सुरत हे मुघल साम्राज्याचे प्रमुख बंदर झाले आणि सुरतेहून आग्र्याकडे जाणारे दोन मार्ग महत्त्वाचे ठरले. एक अहमदाबादवरून आणि दुसरा बऱ्हाणपूर व सिरोंजवरून. बऱ्हाणपूरचा मार्ग तापीच्या खोऱ्यातून म्हणजेच खानदेशातून जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो ह्याने ३० ऑक्टोबर १६१५ रोजी सुरत सोडली आणि नवापूर, नंदुरबार ह्या वाटेने तो १४ नोव्हेंबर रोजी बऱ्हाणपूरला पोहोचला. तेथे काही दिवस थांबून २३ डिसेंबर १६१५ रोजी तो अजमेरला, बादशहा जहांगीरच्या छावणीच्या ठिकाणी दाखल झाला. म्हणजे केवळ सुरत–बऱ्हाणपूर ह्या टप्प्यासच त्याला पंधरा दिवस लागले.

फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये ह्याने आपल्या प्रवासवर्णनात ह्या मार्गाची मुक्कामवार यादीच दिली आहे. त्यात बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा असे टप्पे असून प्रत्येक दोन ठिकाणांमधील अंतर कोसांत दिले आहे. नवापूर ते नंदुरबार हे अंतर त्याने ९ कोस नोंदविले आहे. सुरत ते आग्रा हा प्रवास बैलगाडीने ३५ ते ४० दिवसांचा असून त्यासाठी ४० ते ४५ रुपये पडतात, असेही तो सांगतो. आजच्या विमान कंपनीच्या वेळापत्रकात असतात त्याच तीन गोष्टी, म्हणजे अंतर, वेळ व भाडे, ह्या नोंदीत आहेत. फरक एवढाच की ताव्हेर्नियेच्या यादीत मधली सर्व गावे आहेत.

ताव्हेर्नियेने नवापूरविषयी अधिक लिहिले आहे. ह्या गावात विणकर मोठ्या संख्येने राहत असले तरी तेथील मुख्य व्यापार तांदळाचा होता. हा तांदूळ दाण्याने बारीक, शिजल्यावर शुभ्र आणि कस्तुरीसारख्या सुगंधाचा असल्याचे तो नोंदवितो. नवापूर परिसरात आजही भाताची शेती होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मार्गावरील गाव हे केवळ ओलांडण्याचे ठिकाण नव्हते. तेथे माल भरला जाई, बैल बदलले जात, चारा-दाणा विकला जाई आणि गावाच्या हाती पैसा येई.

ह्या काळातील अंतराचे मापही मानवी होते. कोसाची लांबी प्रांतोप्रांती बदलत असे. मराठीतील 'मजल दरमजल' हा शब्दप्रयोग त्याच काळाची साक्ष देतो. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. त्यात अंतर व वेळ ह्या दोन्ही गोष्टी एकरूप झालेल्या होत्या. पावसाळ्यात नद्या-नाल्यांना पूर आला म्हणजे तांडे थांबत आणि मजल मोजण्याचा प्रश्नच उरत नसे.

मार्ग बदलला : आगगाडीचे युग

अठराव्या शतकात सुरतेचे महत्त्व घटत गेले व मुंबई पुढे आली. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. ह्यानंतरचा मोठा बदल रेल्वेने घडविला. मुंबई–सुरत–अहमदाबाद हा लोहमार्ग किनारपट्टीने गेला, तर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग थळ घाटातून नाशिक, मनमाड, जळगाव व भुसावळ असा गेला. १८७० मध्ये मुंबई–अलाहाबाद हा सलग रेल्वेमार्ग सुरू झाला आणि मुंबई व कलकत्ता ही टोके रेल्वेने जोडली गेली. सुएझ कालवा त्याआधीच, १८६९ मध्ये खुला झाला होता. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या पैजेवर झ्यूल व्हर्न ह्या फ्रेंच लेखकाने लिहिलेली कादंबरी १८७३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीतील प्रवासी ह्याच रेल्वेने खानदेश ओलांडतात आणि त्यांची गाडी बऱ्हाणपूरला थांबते. जगाच्या वेळापत्रकात बऱ्हाणपूर राहिले. नंदुरबार मात्र दोन लोहमार्गांच्या मधल्या त्रिकोणात पडले.

ही उपेक्षा सुमारे तीन दशके टिकली. १९०० मध्ये सुरत–अमळनेर हा तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला आणि तो पुढे जळगावशी जोडला गेला. ह्या मार्गावरील बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा ही स्थानके पाहिली असता ताव्हेर्नियेची यादी डोळ्यांसमोर येते. रूळ नवे होते, परंतु वाट पुष्कळ अंशी जुनीच होती. कापूस, धान्य व लाकूड ह्यांची वाहतूक ह्या मार्गाने होऊ लागली. पुढील काळात नंदुरबारची मिरची बाजारपेठ नावारूपास आली, तिलाही ह्या लोहमार्गाचा आधार मिळाला.

तापी खोऱ्यातील ही वाट बराच काळ एकेरी राहिली. समोरून येणाऱ्या गाडीसाठी स्थानकात थांबावे लागणे हा त्या मार्गावरील प्रवासकालाचा मोठा भाग होता. उधना–जळगाव मार्गाच्या दुहेरीकरणाचे व विद्युतीकरणाचे काम पूर्ण होऊन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. सुमारे ३०६ कि.मी. लांबीच्या ह्या कामाने अंतर कमी झाले नाही. थांबण्याची वेळ कमी झाली. प्रवासकाल कसा घटतो ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

स्थानिक वेळ ते प्रमाणवेळ

रेल्वेने वेग आणला तशी नवी वेळही आणली. त्यापूर्वी प्रत्येक गावाची वेळ सूर्यावरून ठरत असे. रेल्वेगाड्या मात्र मद्रासच्या वेळेप्रमाणे चालविल्या जात. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारित भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. नंदुरबारचे रेखांश सुमारे ७४.२५ अंश असल्यामुळे येथील सूर्याची वेळ प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३३ मिनिटांनी मागे असते. मुंबई शहराने तर आपली वेगळी, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत टिकविली होती.

ही बाब वरवर तांत्रिक वाटली तरी तिचा आशय मोठा आहे. गाडी चुकू नये म्हणून गावाला स्थानकाच्या घड्याळाप्रमाणे चालावे लागले. दिवसाची चाल ज्याच्या पायांवर अवलंबून होती, त्याची वेळ आता दुसरीकडे ठरू लागली. विमान वाहतुकीच्या युगात जगभरातील विमानचालनासाठी एकच समन्वित जागतिक वेळ वापरली जाते, ही त्याच प्रक्रियेची पुढची पायरी होय.

हवाईयुग : टोके जवळ, मध्य दूर

१९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा सुरू झाली आणि जहाजाने आठवडे लागणारा हा प्रवास सात दिवसांवर आला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी एका लहान विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले. भारतीय हवाई टपालसेवेतील हा महत्त्वाचा टप्पा होता. नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांनी मुंबई–दिल्ली सेवा सुरू केली. ही सेवा इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर ह्या ठिकाणी थांबत जात असे. मुंबई व इंदूर ह्यांना जोडणारी सरळ रेषा खानदेशावरूनच जाते.

ह्या आरंभीच्या सेवेत एक गोष्ट लक्षणीय आहे. विमानांचा पल्ला कमी असल्यामुळे त्यांना मध्ये उतरावे लागे. इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर ही मधली शहरे विमानाच्या नकाशावर होती ती विमानाच्या सामर्थ्यामुळे नव्हे, तर त्याच्या मर्यादेमुळे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले तेव्हा तेही कैरो व जिनिव्हा येथे थांबत दोन दिवसांनी पोहोचले. मुंबई–लंडन हे सुमारे ७,२०० कि.मी. अंतर आज न थांबता साधारण नऊ-दहा तासांत कापले जाते. मधले थांबे गळाले हेच वेग वाढल्याचे एक प्रमुख कारण आहे.

मध्यवर्ती स्थानाचा लाभ विमानयुगातही काही काळ मिळू शकला, ह्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी विमाने परत निघत. नागपूर हे देशाच्या मध्यावर असल्याचा लाभ त्याला मिळाला, कारण तेथे धावपट्टी व यंत्रणा उभी होती. केवळ मध्ये असणे पुरेसे नसते. उतरण्याची सोयही असावी लागते.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आली. १९६४ मध्ये तिच्या ताफ्यात काराव्हेल ही जेट विमाने दाखल झाली आणि मोठ्या शहरांमधील प्रवासकाल आणखी घटला. १७ मे १९७२ रोजी मुंबई–दिल्ली राजधानी एक्स्प्रेस सुरू झाली. तिचा १,३८४ कि.मी.चा मार्ग सुरत, बडोदा, रतलाम असा असून नंदुरबार त्यावर येत नाही. अशा रीतीने मुंबई व दिल्ली ही टोके विमानाने व रेल्वेने परस्परांच्या जवळ आली. नंदुरबार तेथेच राहिले. तुलनेने पाहिले तर ते दूर गेले, कारण इतरांची वेळ घटली तशी त्याची घटली नाही.

प्रादेशिक विमानसेवा आणि खानदेश

लहान शहरे विमानाने जोडावीत ह्या हेतूने केंद्र शासनाने २०१६ मध्ये 'उडान' योजना जाहीर केली. साधारण एक तासाच्या उड्डाणासाठी ठराविक आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवणे व कंपनीची तूट शासनाने भरून काढणे, असे तिचे स्वरूप होते. तिच्यातील पहिले उड्डाण २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली मार्गावर झाले. खानदेशात जळगावच्या विमानतळाचे नूतनीकरण होऊन २०१२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले होते. तेथून डिसेंबर २०१७ मध्ये ह्या योजनेखाली मुंबई सेवा सुरू झाली. ती लवकरच खंडित झाली, २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि पुढेही कंपन्या बदलत राहिल्या. धुळ्याजवळ गोंदूर येथे व शिरपूर येथे धावपट्ट्या आहेत. परंतु धावपट्टी असणे व नियमित प्रवासी सेवा असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

नंदुरबारकरांना व्यवहारात सोयीचा विमानतळ सुरतेचा आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी सुरत विमानतळाच्या नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. चारशे वर्षांपूर्वी येथील मनुष्याला जगाकडे जाण्यासाठी नवापूर, बारडोलीवरून सुरत गाठावी लागे. आजही तीच वाट आहे, फक्त बंदराऐवजी विमानतळ आला आहे. नवापूर रेल्वेस्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात तर दुसरा गुजरातेत आहे, हे सर्वश्रुत आहे. १ मे १९६० रोजी आखलेली राज्याची सीमा फलाटावरून जाते. दळणवळणाची वाट मात्र तिच्याहून जुनी असल्यामुळे ती अखंड राहिली. ह्याच वाटेने जिल्ह्यातील हजारो आदिवासी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी व मजुरीसाठी गुजरातेत जातात.

शेवटच्या टप्प्याचा प्रश्न

जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे ठिकाण असलेल्या धडगाव येथून दिल्लीला जाणाऱ्या प्रवाशाचा विचार केला असता प्रश्नाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. धडगाव ते नंदुरबार हे घाटरस्त्याने सुमारे ८० कि.मी. अंतर असून त्यास अडीच तास लागतात. नंदुरबार ते सुरत सुमारे १६० कि.मी.; रेल्वेने साधारण तीन तास. सुरत स्थानक ते विमानतळ पाऊण तास. विमानतळावर आधी पोहोचण्याचे दीड-दोन तास. त्यानंतर सुमारे ९४० कि.मी.चे उड्डाण, ज्यास पावणेदोन ते दोन तास लागतात. गाड्यांची वाट पाहण्याचा वेळ सोडला तरी हा प्रवास सुमारे दहा तासांचा होतो. ह्यात अंतराचा जवळजवळ चार-पंचमांश भाग विमानाने कापला जातो आणि त्यास एकूण वेळेच्या एक-पंचमांशाहून अधिक वेळ लागत नाही. उरलेल्या एक-पंचमांश अंतरासाठी व त्यातील प्रतीक्षेसाठी उरलेला चार-पंचमांश वेळ जातो. विमानाचा वेग दुप्पट झाला तरी ह्या प्रवाशाचा एखादा तासच वाचेल.

दिल्लीचा प्रवास क्वचितचा असतो. रुग्णालयाचा प्रवास मात्र टाळता येत नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदशैली घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद झाली, तेव्हा एका आदिवासी पतीने आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन पायी दवाखान्याची वाट धरली; तेथे पोहोचण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला. आकाश बंद झाल्याने विमानांना वळसा पडतो ह्याची जगभर नोंद होते; घाट बंद झाल्याने पडणाऱ्या वळशाची किंमत अशी मोजावी लागते.

नर्मदाकाठची परिस्थिती आणखी वेगळी आहे. सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर ह्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. पूर्वी जेथे पायवाटेने जाता येत असे, तेथे पाणी आले आणि काही वस्त्यांना बोटीशिवाय मार्ग राहिला नाही. येथे नकाशावरील अंतर तेच राहून प्रवासकाल वाढला. दळणवळणाचा इतिहास हा सतत घटणाऱ्या प्रवासकालाचा इतिहास आहे, ही समजूत ह्या उदाहरणाने खोटी ठरते.

ह्याउलट, काहीही वेगवान न करता प्रवासकाल घटविता येतो, ह्याचेही उदाहरण ह्याच जिल्ह्याने दिले आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी ह्या सहा तालुक्यांतील जनतेला जिल्हा कचेरीसाठी धुळ्याला जाण्याची गरज उरली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार १६,४८,२९५ लोकसंख्या असलेल्या व त्यात सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींचे लोक असलेल्या ह्या जिल्ह्यात कचेरी माणसाच्या जवळ आणली गेली. माणसाला वेगाने नेण्याऐवजी सेवा जवळ आणणे हा प्रवासकाल कमी करण्याचा दुसरा, आणि पुष्कळदा अधिक स्वस्त मार्ग होय.

निष्कर्ष :

१. दोन ठिकाणांमधील हवाई अंतर स्थिर असते; प्रवासकाल मात्र साधने, ऋतू, शासनव्यवस्था व आर्थिक क्षमता ह्यांनुसार बदलतो.
२. सतराव्या शतकातील मंद वाहतुकीत नंदुरबार व नवापूर ही मुक्कामाची व व्यापाराची ठिकाणे होती. वाहतुकीचा वेग वाढला तसे मधले थांबे गळाले व ह्या परिसराचे सापेक्ष स्थान घसरले.
३. १८७० च्या सुमारास रेल्वेने वगळलेला हा प्रदेश १९०० मध्ये पुन्हा जोडला गेला. म्हणजेच वगळले जाणे हे कायमचे नसते. त्यासाठी त्या प्रदेशातून जाणारे साधन उभारावे लागते.
४. जिल्ह्यातील प्रवाशाच्या एकूण प्रवासकालात उड्डाणाचा वाटा अल्प आहे. घाटरस्ते, पूल, बोटी, बारमाही वाहतूक आणि सुरत व जळगावशी असलेली रेल्वेजोडणी ह्यांत सुधारणा केल्यास वेळेची अधिक बचत होईल.
५. दुर्गम भागात सेवा लोकांच्या जवळ नेणे हे वेगवान वाहनाइतकेच महत्त्वाचे आहे.

समारोप :

दोन विमानतळांमधील अंतर विचारणारा प्रवासी टोकापासून टोकापर्यंतचा हिशेब मांडतो. जिल्ह्याच्या नियोजनात मात्र हिशेब पाड्यापासून सुरू व्हावा लागतो. ताव्हेर्नियेच्या यादीत नवापूर ते नंदुरबार हे ९ कोस स्वतंत्रपणे लिहिलेले आहेत, कारण त्याला ते प्रत्यक्ष ओलांडावे लागले होते. मुंबई–दिल्ली विमानाच्या वेळापत्रकात त्या ९ कोसांना स्थान नाही. ते कोस आजही ज्यांना दररोज चालावे लागतात, त्यांच्या वेळेची नोंद होणे ही नंदुरबारच्या दळणवळणाच्या इतिहासाची आणि भविष्यातील धोरणाचीही गरज आहे.